दोघींच्या भांडणात सुटला तो

'आई कुठे काय करते' ही मालिका 30 नोव्हेंबर 2024 रोजी संपली. डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेली, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं आणि हजाराहून अधिक भाग. इतका काळ एखादं कुटुंब रोज संध्याकाळी आपल्या घरात येऊन बसलं, की त्यातल्या माणसांबद्दल आपण शेजारपाजारच्यांबद्दल बोलावं तसं बोलायला लागतो. त्यामुळे मालिका संपली तरी तिच्यावरचा एक वाद संपलेला नाही. संजना खरंच खलनायिका होती का? की सगळं उलटंच होतं, आणि सोशिक, सात्त्विक म्हणून आपल्यापुढे उभी केलेली अरुंधतीच त्या घराच्या दुखण्याचं मूळ होती?

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. देशमुखांचं 'समृद्धी' नावाचं घर. अनिरुद्ध आणि अरुंधती यांचा पंचवीस वर्षांचा संसार, अभिषेक, यश आणि ईशा ही तीन मुलं, सासू कांचन, सासरे आप्पा. अनिरुद्धचे ऑफिसमधल्या संजनाशी संबंध आहेत. संजनाचंही लग्न झालेलं आहे, शेखर हा नवरा आणि निखिल हा मुलगा. अरुंधतीला हे कळतं, पुढे घटस्फोट होतो, अनिरुद्ध संजनाशी लग्न करतो. अरुंधती गाण्याकडे वळते, स्वतःच्या पायावर उभी राहते आणि काही वर्षांनी आशुतोष केळकरशी लग्न करते.

संजनाची बाजू घेणाऱ्यांना वेड्यात काढू नये. त्यांचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात दम आहे. ते म्हणतात, संजना कमावती बाई होती, मन उडालेल्या संसारात होती, तिने एका माणसावर प्रेम केलं आणि लपूनछपून राहण्यापेक्षा 'माझ्याशी लग्न कर' असं त्याला तोंडावर विचारलं. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा होता तो अनिरुद्ध. लग्न होऊन ती 'समृद्धी'त आली, तर तिथे तिला जागाच नव्हती. सासू उठताबसता पहिल्या सुनेचं उदाहरण देणार, मुलं तिला घरची मानणार नाहीत, आणि ज्याच्यासाठी सगळं सोडलं त्या माणसाचा जीव, अरुंधतीच्या आयुष्यात आशुतोष आल्याबरोबर, पुन्हा अरुंधतीत अडकणार. आणि अरुंधती? घटस्फोट झाला तरी तिचं त्या घरात येणं-जाणं थांबत नाही. कुणाचं लग्न ठरवायचं, कुणाची समजूत काढायची, कुणाला दोन शब्द सुनवायचे, सगळ्याला तीच. ती कधी चुकत नाही आणि चुकलीच तर ती चूकही मायेपोटीच झालेली असते. अशा बाईच्या सावलीत दुसऱ्या कुठल्याही बाईने संसार कसा करायचा?

हे वाचताना मला पटतं. तरीही निष्कर्ष पटत नाही. 'संजना वाईट' हे वाक्य खोडून 'अरुंधती वाईट' असं लिहिलं, तर फक्त नाव बदलतं. आरोपीच्या पिंजऱ्यात तेव्हाही बाईच होती आणि आताही बाईच आहे. मालिकेतला खरा उलटफेर या दोघींमध्ये झालेलाच नाही. पंचवीस वर्षांच्या बायकोला फसवलं कुणी, हा साधा प्रश्न आहे, आणि पाच वर्षांत तो हळूहळू मागे सरकत गेला.

आधी हे पाहू की संजना वाईट आहे हे आपल्याला सांगितलं कसं गेलं. तिने काही करायच्या आधीच आपल्याला ते ठाऊक होतं. बिनबाह्यांचं ब्लाउज, मोकळे केस, गडद लिपस्टिक, हातात फोन. ती दारातून आत आली की पार्श्वसंगीत बदलतं, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबतो आणि एक भुवई वर जाते. अरुंधतीला सुती साडी, अंबाडा किंवा वेणी, कपाळावर टिकली, पदर खोचलेला आणि चेहऱ्यावर घाम. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की आवाज बंद करून मालिका लावली तरी कोण चांगलं नि कोण वाईट ते पाचव्या मिनिटाला सांगता येईल. आता अनिरुद्ध आठवून पाहा. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. त्याच्या कपड्यांवरून काही कळतं का? खोटं बोलून रात्री घरी परत येणारा नवरा आणि प्रामाणिकपणे कामावरून परत येणारा नवरा मराठी मालिकेत एकसारखेच दिसतात. पुरुषाच्या वाईटपणासाठी आपल्या वेशभूषा विभागाकडे पोशाखच नाही.

पूर्वी असं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. 1999 मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेल्या 'आभाळमाया'तली सुधा जोशी नोकरी करणारी, विचार करणारी बाई होती, आणि नवऱ्याच्या बाहेरच्या संबंधाचा घाव तिलाही सोसावा लागला. तिथे नोकरी, शिक्षण, स्वतःचं मत या गोष्टी नायिकेच्या बाजूला होत्या. वीस वर्षांनी ऑफिसात जाणारी, इंग्रजी शब्द पेरत बोलणारी, स्वतःच्या पैशाने खर्च करणारी बाई पडद्यावर आली, ती घर फोडायला. अरुंधतीलाही पुढे काम मिळतं, नाव मिळतं, हे खरं. पण आधी पंचवीस वर्षं स्वयंपाकघरात उभं राहून तिने त्याची परवानगी कमावलेली असते. संजनाने ती कमावली नव्हती.

आपल्या कायद्याचा इतिहास या संदर्भात फार बोलका आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं कलम 497 व्यभिचाराला गुन्हा मानायचं. पण कसला गुन्हा? दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. बाईला शिक्षा नाही, कारण ती जणू कुणाची तरी मालमत्ता. आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर बायकोला या कलमाखाली तक्रार करायची सोयच नव्हती. दोन पुरुषांमधला मालकीचा तंटा म्हणूनच कायदा त्याकडे बघत होता. सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी हे कलम रद्द केलं. तेव्हापासून व्यभिचार हा गुन्हा उरला नाही, घटस्फोटाचं कारण मात्र राहिला. त्यानंतर सव्वा वर्षाने 'आई कुठे काय करते' सुरू झाली. जुन्या कायद्याला या प्रकरणात फक्त पुरुष दिसत होते. मालिकेला फक्त बायका दिसल्या. एकाने बाईला माणूस मानलं नाही, दुसरीने पुरुषाला जबाबदार मानलं नाही.

यावर लगेच कुणी म्हणेल, असं कसं? अनिरुद्धला तर प्रेक्षकांनी पोटभर शिव्या दिल्या. ते खरंच आहे. त्याची भूमिका करणाऱ्या मिलिंद गवळींना लोकांचा जो राग सोसावा लागला, तो त्यांच्या अभिनयाला मिळालेला सर्वांत मोठा दाखला म्हणायला हवा. पण शिव्या पडणं वेगळं आणि भोगावं लागणं वेगळं. अनिरुद्धने काय गमावलं ते मोजा. आईची माया? कांचनच्या तोंडी 'माझा अन्या' शेवटपर्यंत टिकून राहतो. मुलं? ती रुसतात, बोलत नाहीत, मग पुन्हा बाबांपाशी येऊन बसतात. जेवण? टेबलावर ताट वाढलेलं असतंच. त्याची नोकरी जाते तेव्हा त्याच्या खचून जाण्यावर भागच्या भाग खर्च होतात आणि घरच्या साऱ्यांनी त्याला सावरायचं असतं. त्याला पश्चात्ताप होतो, मग तो विसरतो, मग पुन्हा होतो. प्रत्येक वेळी आपल्याला त्याचे ओले डोळे जवळून दाखवले जातात. थोरला मुलगा अभिषेक पुढे बायकोशी, अनघाशी, तसाच वागतो. तिथे तरी वाटलं होतं की आता मालिका बापाकडे बोट दाखवेल आणि म्हणेल, हे घरात कुठून आलं बघा. तेवढ्यापुरते संवाद झाले, चांगले झाले, आणि गाडी पुढे गेली.

संजनाने काय गमावलं? नवरा, मुलाचं घर, आणि ज्याच्यासाठी ते सोडलं तो माणूसही. निखिलला सोडून आलेली आई म्हणून तिला किती वेळा ऐकावं लागलं! त्याच घरात तीन मुलांचा बाप बसला होता. 'तुला तुझ्या मुलांची आठवण नाही आली का रे?' हे त्याला त्या धारेने विचारलं गेल्याचं मला तरी आठवत नाही. रूपाली भोसले यांनी संजना ज्या ताकदीने उभी केली, त्यामुळेच हे दिसू शकलं. लिहिलेल्या संवादापलीकडे त्या बाईचं एकटेपण त्यांच्या चेहऱ्यावर यायचं, आणि संजनाकडे वळलेल्या प्रेक्षकांना वळवलं ते त्या चेहऱ्याने.

मग अरुंधतीकडे येऊ, कारण तिच्यावरही अन्याय होतोय. ती प्रत्येक गोष्टीत नाक खुपसते, ती मोठेपणा मिरवते, तिच्या चांगुलपणाचा इतरांना त्रास होतो, ही तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती खोटी नाही. उत्तरार्धात खरंच तसं होत गेलं. पण ते अरुंधती नावाच्या बाईच्या स्वभावात होतं की मालिका चालवण्याच्या रीतीत?

आठवड्याला सहा भाग, दर भाग वीस-बावीस मिनिटं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे. घराचा एक मोठा सेट उभारलेला, ठरलेले कलाकार, ठरलेल्या तारखा. अशा व्यवहारात कथेला सर्वांत महाग पडणारी गोष्ट म्हणजे कुणाचं तरी निघून जाणं. घटस्फोट झाला, बाई बाहेर पडली, तिने स्वतःचं घर केलं, नवी माणसं जोडली, तर जुन्या सेटचं काय करायचं? सासू-सासऱ्यांचं, मुलांचं, नव्या सुनेचं काय करायचं? आणि मुख्य म्हणजे नायिका समोर नसेल तर खलनायिकेने कट कुणाविरुद्ध रचायचा? मग काही ना काही निमित्त काढून अरुंधतीला 'समृद्धी'त आणावंच लागतं. कधी ईशाचं लग्न, कधी यशचं दुखणं, कधी आप्पांचं आजारपण, कधी कांचनचा हट्ट. आली की तिने प्रश्न सोडवायचा, कारण नायिकाच प्रश्न सोडवते. दुसऱ्या बाईच्या घरात वर्षानुवर्षं असं येत राहिलेल्या कुणाही माणसाची माया बघता बघता हुकमत वाटू लागेल. लेखकांनी ती हुकमत म्हणून लिहिली नव्हती. पण भाग संपत नव्हते, आणि तिच्या चांगुलपणाला जायला दुसरी जागाच ठेवलेली नव्हती.

मालिकेचा पहिला दीड-दोन वर्षांचा भाग मात्र मला आजही मनापासून आवडतो. तो बघताना आमच्या पिढीतल्या कितीतरी बायका गप्प झाल्या होत्या. अरुंधतीला फसवणूक कळल्यानंतरचे भाग, मुग्धा गोडबोले यांचे संवाद आणि मधुराणी प्रभुलकरांचा आवाज, त्यात एक सच्चेपणा होता. 'मी या घरासाठी काय केलं' याचा हिशेब एक बाई पहिल्यांदा मोठ्याने मांडत होती आणि तो मांडताना तिलाच त्याचं नवल वाटत होतं. तिथे खलनायिकेची गरजही नव्हती. समोर नवरा होता, सासू होती, मुलं होती, त्या सगळ्यांनी तिला गृहीत धरलं होतं. वाईटपणा सगळ्या घरात थोडा थोडा वाटलेला होता. हे मराठी मालिकेत क्वचित घडतं. नंतर हा वाटलेला वाईटपणा गोळा करून एका बाईच्या अंगावर घातला गेला. इथेच मालिका हातची गेली असं मला वाटतं.

ही गोष्ट आपल्याकडचीच, असंही समजायचं कारण नाही. मूळ कथा बंगाली, लीना गंगोपाध्याय यांची 'श्रीमयी', 2019 ते 2021 मध्ये स्टार जलसावर. तिथून ती मराठीत आली, हिंदीत 2020 पासून 'अनुपमा' झाली, आणि तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नडमध्येही पोचली. इतक्या भाषांत एकच घर फाटलं, आणि जवळजवळ सगळीकडे चर्चा 'ती दुसरी' हिच्याभोवतीच फिरली. बंगालमध्ये जून गुहा ही संजनेची मोठी बहीण. 'जून आंटी' म्हणून ती इतकी लोकांच्या तोंडी बसली की मालिका न पाहणाऱ्यांनाही ते नाव ठाऊक झालं. नवऱ्याचं नाव, अनिंद्य, किती जणांना आठवत असेल? 'अनुपमा'च्या प्रेक्षकांतही हाच वाद आहे. तिथली 'ती दुसरी', म्हणजे काव्या, आधी डोळ्यांत खुपायची, मग तिची कीव येऊ लागली, आणि अनुपमाचा उपदेश नकोसा झाला. म्हणजे भाषा बदलली, साडी नेसायची पद्धत बदलली, तरी प्रेक्षकांची अस्वस्थता त्याच जागी उगवते. तेव्हा ती अस्वस्थता खरी आहे. तिला 'लोक हल्ली खलनायिकांना डोक्यावर घेतात' असं म्हणून झटकून टाकणं मला योग्य वाटत नाही.

आपल्याकडे याच्या आधीचं मोठं उदाहरण 'माझ्या नवऱ्याची बायको'चं, 2016 ते 2021. नागपूरची राधिका, तिला कमी लेखणारा गुरुनाथ आणि त्याची मैत्रीण शनाया. तिथेही लोकांनी शनायाला शिव्या दिल्या आणि मग तिचे संवाद पाठ केले. गुरुनाथ हा जवळजवळ विनोदी पात्र बनत गेला, फजिती होणारा, पळणारा, पुन्हा नवं लफडं करणारा. शेवटी शेवटी त्याच्या आयुष्यात माया नावाची आणखी एक बाईसुद्धा आली. नवऱ्याच्या फसवणुकीचं असं हसू होऊ लागलं की प्रेक्षक त्याच्यावर चिडत नाहीत, त्याची गंमत बघतात. राधिकेने मसाल्यांचा धंदा उभा करून कोट्यवधींची कंपनी काढली, याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाही हवं होतं. पण बाईने अपमान धुऊन काढायला कोटी कमवायचे आणि पुरुषाने फक्त कान धरायचे, हा हिशेब कुणी मांडला नाही.

'अहो, मालिका आहे ती, एवढं काय मनावर घ्यायचं' हे मला मान्य नाही. आपल्या नात्यागोत्यात एखाद्याचं बाहेर काही आहे असं कळलं की बैठकीत पहिला प्रश्न काय येतो? 'ती कोण?' कुठली, कुणाची, लग्न झालेली की कुमारिका, नोकरी करते का. पाठोपाठ दुसरा प्रश्न, 'हिचं काही कमी पडलं असेल का?' स्वयंपाक, राहणी, वजन, चिडचिड, सगळं तपासून होतं. ज्याने केलं त्याला तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर कधीतरी बोलावतात, तेही समजूत काढायला. 'झालं ते झालं, आता घराकडे बघ.' हा क्रम लावायला आपल्याला कुठल्या मालिकेने शिकवलं नाही, तो आधीपासूनच आहे. मालिकेने तो रोज संध्याकाळी पुन्हा पाठ करून घेतला. पाच वर्षं रोज जे पाहतो त्याचा काहीच ठसा उमटत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी जाहिरातदार त्याच अर्ध्या तासासाठी एवढे पैसे का मोजतात याचाही विचार करावा.

संजना निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. एका बाईचा संसार मोडतोय हे तिला ठाऊक होतं, आणि पुढे तिने केलेले काही कावे खरोखरच नीच होते. त्याबद्दल तिला जाब विचारला जावाच. पण लग्नाचं वचन अरुंधतीला संजनाने दिलं नव्हतं. ते अनिरुद्धने दिलं होतं. संजनाने मोडलं ते शेखरला दिलेलं वचन, आणि त्याचा हिशेब शेखरशी. एवढा साधा फरक ठेवला असता तरी दोन्ही बायका एकमेकींच्या जिवावर उठल्या नसत्या, आणि लिहिणाऱ्यांना दोघींच्या संभाषणातून फार मोठं काही सापडलं असतं. एकाच माणसाने दोघींना वेगवेगळ्या वेळी एकच खोटं सांगितलं होतं. असा एखादा मोठा प्रसंग, दोघी समोरासमोर बसलेल्या, कट नाही, टोमणे नाहीत, फक्त 'तुला तो तेव्हा काय म्हणाला होता?' एवढंच, तो या मालिकेच्या हजार भागांत मध्यवर्ती असायला हवा होता. अधूनमधून त्याची चाहूल लागायची. मग दुसऱ्या दिवशीच्या भागात संजनाची भुवई पुन्हा वर जायची.

आणि घराचं काय? घटस्फोटानंतर 'समृद्धी'चा उंबरा ओलांडून बाहेर पडली ती अरुंधती, जिने काही केलं नव्हतं. ज्याने केलं तो आत राहिला, त्याच खोलीत, त्याच आई-वडिलांच्या पंखाखाली. कांचन आणि आप्पा या म्हाताऱ्या माणसांनी मुलाला 'तू आधी हे घर सोड' असं सांगितलं असतं तर कथा अवघड झाली असती, मान्य. सेट बदलावा लागला असता, अनिरुद्धला भाड्याच्या खोलीत स्वतःचा चहा स्वतः करताना दाखवावं लागलं असतं, संजनाला तिथे यायचं की नाही याचा विचार करावा लागला असता, आणि अरुंधतीला कुणाचे प्रश्न सोडवण्यासाठी परत परत यावं लागलं नसतं, कारण ती तिथेच असती. अशी एखादी मालिका मराठीत कुणी लिहिली, तर मी ती पहिल्या भागापासून बघेन.